दक्षिण अमेरिकेच्या क्रूझवर पेंग्विन पाहायला कुठल्या बंदरातली सहल घ्यावी?

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून मला तो कसा कळला ते आधी सांगतो. जानेवारीत ब्यूनस आयर्सहून निघून केप हॉर्नला वळसा घालत चिलीत सॅन अँटोनिओला संपणारी क्रूझ. सोबत आई-वडील, आईचे गुडघे दुखतात. वाटेत पुएर्तो माद्रिन, फॉकलंडचं स्टॅनली, उश्वाया आणि पुंता अरेनास ही चार बंदरं, आणि चारही ठिकाणी जहाजाच्या यादीत पेंग्विनच्या सहली, एकीपेक्षा एक महाग. मोठी सहल एकच परवडणार आहे. ती कुठली घ्यावी, आणि जहाजाकडून घ्यावी की परस्पर ठरवावी?

मी सोलापूरचा. टॉवेलचा धंदा मुलाच्या हवाली केल्यावर बायकोला घेऊन हाच मार्ग केला. पक्ष्यांचा नाद जुना आहे. हिप्परग्याचा तलाव आणि नान्नजचा माळ पालथा घालूनच माझे रविवार गेले. त्यामुळे जे सांगतो ते पक्षी बघणाऱ्याच्या नजरेनं. फक्त पेंग्विनसोबत फोटो काढून परत यायचं असेल तर यातल्या निम्म्या गोष्टींची तुम्हाला गरज नाही.

सरळ उत्तर: पैसे स्टॅनलीत घाला, आणि उश्वायाचा दिवस मुद्दाम मोकळा ठेवा. आता असं का, ते.

माद्रिन, उश्वाया, पुंता अरेनास या तिन्ही बंदरांत जो पेंग्विन दाखवतात तो मुख्यतः एकच, मॅगेलॅनिक. गुडघ्याच्या थोडा वर येईल एवढी उंची, छातीवर दोन काळे पट्टे, जमिनीत बीळ करून राहतो आणि गाढवासारखा ओरडतो. गोड आहे, पण तीन बंदरांत तीनदा पैसे देऊन तोच बघण्यात अर्थ नाही. फॉकलंडची गोष्ट निराळी. तिथे पाच जातींचे पेंग्विन घरटी करतात: किंग, जेंटू, रॉकहॉपर, मॅगेलॅनिक आणि थोडे मॅकरोनी. तुमच्या अख्ख्या मार्गावर किंग पेंग्विनची भरलेली वसाहत सहज बघायला मिळेल अशी जागा हीच. (पुंता अरेनासहून सामुद्रधुनी ओलांडून तिएरा देल फुएगोतही किंग बघता येतात, पण त्याला फेरीबोट धरून फार मोठा दिवस लागतो. जहाज संध्याकाळी सुटणार असेल तर तो विचार सोडा.)

स्टॅनलीत तीन पर्याय समोर येतात आणि तिन्हींना 'पेंग्विन टूर' असंच नाव असतं. तिथेच लोक फसतात.

पहिला, व्हॉलंटिअर पॉइंट. फॉकलंडमधली किंग पेंग्विनची सगळ्यात मोठी वसाहत, हजाराहून जास्त जोड्या, शिवाय जेंटू आणि मॅगेलॅनिक. स्टॅनलीहून जीपनं जायला दोन ते अडीच तास, यायलाही तेवढेच. सुरुवातीचा रस्ता बरा आहे. शेवटच्या टप्प्यात रस्ता हा प्रकारच नाही. पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची ओली, मऊ जमीन, त्यात चाकांनी पाडलेले चर, आणि ड्रायव्हर दरवेळी नवी वाट शोधत गाडी काढतो. एक गाडी रुतली की बाकीच्या थांबून दोर लावून तिला ओढतात, म्हणून चार-सहा गाड्या मिळून निघतात. पाठीचं दुखणं असेल किंवा गरोदर बाई असेल तर नेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पण पोचल्यावर जे दिसतं ते सांगायलाच हवं. किंग घरटं करत नाही. अंडं पायांवर घेतो आणि पोटाच्या कातडीची घडी त्यावर ओढतो. साधारण चौपन्न दिवस नर-मादी आळीपाळीनं हे करतात. मी उभा होतो त्याच्या समोरच एकानं ती घडी जरा वर उचलली, मान खाली घालून चोचीनं अंडं थोडं फिरवलं, पुन्हा झाकलं आणि काहीच झालं नाही अशा थाटात वर बघायला लागला. शेजारी त्याच्यापासून बरोबर चोच पोचणार नाही इतक्या अंतरावर. समुद्रावरून आलेला एखादा आपल्या जोडीदाराकडे निघाला की दोन्ही बाजूंनी टोचण्या खात, पंख अंगाशी घट्ट धरून गर्दीतून जातो. आमच्या रेल्वे स्टेशनवर पंढरीच्या गाडीला जनरल डब्यात चढलेला माणूस असाच चालतो. आणि मधूनमधून तपकिरी लोकरीसारख्या पिसांची थोराड पिल्लं उभी. पिल्लू वाढवायला किंगला वर्षाहून जास्त लागतं, चौदा ते सोळा महिने, त्यामुळे तुम्ही कुठल्याही महिन्यात गेलात तरी कुठल्या ना कुठल्या वयाचं पिल्लू दिसतंच. वसाहतीभोवती पांढऱ्या दगडांची खूण असते, तिच्या आत जायचं नाही. पेंग्विन मात्र ती खूण मानत नाहीत. तुम्ही गप उभे राहिलात तर तेच तुमच्याकडे येतात.

दुसरा पर्याय ब्लफ कोव्ह. अर्ध्या तासाचा चांगला रस्ता, मग शेताच्या माळावरून साधारण पंधरा-वीस मिनिटं जीप. पेंग्विन मुख्यतः जेंटू, हजारावर जोड्या, आणि त्यांच्यात थोडे किंग. जेंटू ओळखायला सोपा: चोच केशरी, डोळ्यावरून डोक्यावर गेलेला पांढरा पट्टा. पेंग्विनांत सगळ्यात वेगानं पोहणारा हाच, आणि जमिनीवर घरट्याचे दगड एकमेकांचे चोरणाराही हाच. गाडी जवळ थांबते, चालणं थोडं, आणि समुद्राकाठी एक छोटं कॅफे आहे, तिथे चहा आणि घरचे केक मिळतात. सगळी सहल तीन तासांच्या आत आटपते. आईंसाठी ही. केकमध्ये अंडं असतं, चालत नसेल तर आधी विचारा.

तिसरा, जिप्सी कोव्ह. गावापासून जवळ, शटल बस जाते, स्वस्त. वरच्या पायवाटेवरून खाली मॅगेलॅनिक दिसतात, तेही दुरून, आणि दुपारी त्यातले बरेच समुद्रात मासे धरायला गेलेले असतात. जागेची एक गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. शेजारच्या यॉर्क बेच्या वाळूत १९८२ च्या युद्धात अर्जेंटिनाच्या सैन्यानं सुरुंग पेरले. माणसांना किनारा बंद झाला, पण पेंग्विनच्या वजनानं सुरुंग फुटत नाही, त्यामुळे तिथे अनेक वर्षं पेंग्विनांचंच राज्य होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये फॉकलंड सुरुंगमुक्त झाल्याचं जाहीर झालं. पण तुम्ही एवढ्या लांबून येऊन फक्त जिप्सी कोव्ह बघू नका.

आमच्या घरी बायको ब्लफ कोव्हला गेली आणि मी व्हॉलंटिअर पॉइंटला. रात्री जेवताना दोघंही 'माझंच चांगलं होतं' म्हणून भांडत होतो, यावरून काय ते समजा. तुम्हीही तसंच करा. वडिलांची पाठ ठीक असेल तर तुम्ही दोघं जीपमध्ये बसा, आणि आईंना जहाजाच्या सहलीतून ब्लफ कोव्हला पाठवा, म्हणजे त्यांच्याबरोबर माणसं असतील. आईंना विचारलं तर त्या 'मला काय, मी कुठंही बसेन गाडीत' असंच म्हणतील. ते धरून चालू नका. सोलापूर-अक्कलकोट एसटीत बसलं तरी त्यांचे गुडघे किती वेळ शांत राहतात ते तुम्हाला माहीत आहे.

आता स्टॅनलीची खोट. मोठी जहाजं तिथे धक्क्याला लागत नाहीत. बाहेर नांगर टाकतात आणि टेंडर म्हणजे जहाजाच्या छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात. वारा वाढला की टेंडर बंद, आणि कप्तान सरळ पुढे निघतो. हे क्वचित होत नाही, जवळजवळ दर हंगामात काही जहाजं स्टॅनली न बघता जातात. म्हणजे जिथे सगळ्यात चांगले पेंग्विन, तेच बंदर सगळ्यात बेभरवशाचं. म्हणूनच उश्वाया मोकळं ठेवा म्हणालो. तुमच्या मार्गावर उश्वाया स्टॅनलीनंतर येतं, जहाज शहराच्या अगदी काठाला लागतं, आणि बोटींची तिकिटं विकणारी टपऱ्यांची रांग बंदराच्या शेजारीच आहे. स्टॅनली हुकलं तर तिथे उतरून त्याच दिवशी बोट धरता येते. स्टॅनली मिळालं तर उश्वायाचा दिवस डोंगर, रेल्वे, चॉकलेट कशालाही घाला.

उश्वायात दोन गोष्टी मिळतात, त्यांची गल्लत करू नका. मोठ्या कॅटॅमरान बोटी बीगल चॅनलमधून फिरवत मार्टिलो बेटापाशी नेतात, बोटीचं नाक किनाऱ्याजवळ लावतात आणि तुम्ही रेलिंगवरूनच मॅगेलॅनिक आणि जेंटू बघता. उतरायचं नाही. गुडघ्यांना सोयीचं, पण चार-सहा तासांच्या फेरीत पेंग्विनच्या समोर जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. वाटेत एका खडकावर काळेपांढरे पक्षी दाटीनं बसलेले दिसले की अख्खी बोट 'पेंग्विन, पेंग्विन' म्हणून उठते. ते पाणकावळे असतात, आपल्या हिप्परग्याच्या पाणकावळ्यांचे दूरचे भाऊबंद. थोडं थांबा, एखादा उडेल म्हणजे शंका फिटेल. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष बेटावर उतरणं. ती परवानगी एकाच संस्थेकडे आहे, हार्बर्टन या जुन्या मळ्यापर्यंत सुमारे ८५ किलोमीटर बसनं नेऊन तिथून छोटी बोट. एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, त्यामुळे ती आयत्या वेळी मिळत नाही, आधीच ठरवावी लागते. 'वॉक विथ पेंग्विन' असं कुणी म्हणालं की बोटीतून की पायी, एवढं विचारून घ्या.

माद्रिनहून जायची पेंग्विनची वसाहत, पुंता तोम्बो, मला स्वतःला फार आवडली, पण तुम्हाला मी ती दुसऱ्या नंबरवर सांगेन. कारण अंतर. बंदरापासून सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे आपलं सोलापूर-दौंड, आणि एका दिवसात जाऊन परत. शेवटचा काही रस्ता खडीचा. बघायला मिळतात दोन तास, बसमध्ये जातात पाच. दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या मोठ्या मॅगेलॅनिक वसाहतींमध्ये याचं नाव पहिलं घेतात. संरक्षित क्षेत्र झालं १९७९ मध्ये, आपल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्याच वर्षी. दोन्हीकडच्या नशिबात मात्र केवढा फरक. तिथे आज पक्षी तुमच्या पायाशी येतो, आणि नान्नजला माळढोक दिसेल या आशेवर आम्ही दुर्बीण लावून उन्हात बसतो आणि काळवीट मोजून परत येतो.

तोम्बोला झुडपांखाली आणि वाटेच्या कडेला बिळं आहेत. जानेवारीत बिळाच्या तोंडाशी करड्या मऊ पिसांची पिल्लं बसलेली असतात, अर्धी पिसं गळलेली, अर्धी अजून अंगावर. पेंग्विन वाट ओलांडत असेल तर तुम्ही थांबायचं, हा तिथला नियमच आहे. एखादा तुमच्याकडे बघत मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकडी करायला लागला तर लोकांना वाटतं तो लाडात आलाय. तो अस्वस्थ झालाय, एकेका डोळ्यानं तुम्हाला तोलतोय. दोन पावलं मागे व्हा, लगेच थांबेल. आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी मोबाइल त्याच्या नाकाशी नेला आणि चोचीचा प्रसाद घेतला. चोच धारदार असते, रक्त येतं.

माद्रिनला व्हेल दिसतील असं एजंट सांगत असेल तर जानेवारीत ते खरं नाही, राइट व्हेल तिथे साधारण जून ते डिसेंबर असतात. आणि वाल्देस द्वीपकल्पाची सहल घेतलीत तर त्यात पेंग्विन थोडे, सील जास्त. फक्त पेंग्विन हवे असतील तर तोम्बोच.

पुंता अरेनासच्या माग्दालेना बेटावर तेच मॅगेलॅनिक, बोटीच्या जातीनुसार कमी-जास्त वेळ, बेटावर तासभर, दीपगृहापर्यंत चढाची पायवाट. छान आहे, पण सामुद्रधुनीतला वारा बोटी वारंवार रद्द करतो. तुमच्या मार्गात शेवटी येतं, त्यामुळे आधीचं सगळं हुकलं तरच.

जहाजाकडून की बाहेरून? यात मी बंदरागणिक वेगळं उत्तर देईन. तोम्बोला जहाजाचीच घ्या. एवढ्या लांब टायर फुटला तर जहाजाच्या सहलीसाठी जहाज थांबतं, तुमच्या खासगी गाडीसाठी थांबत नाही. व्हॉलंटिअर पॉइंटला गाडी बाहेरून घ्या किंवा जहाजाकडून, जीपवाले स्थानिकच असतात आणि एकमेकांना ओळखतात, त्यामुळे परत वेळेत आणायची काळजी तेच करतात. बाहेरून घेतलं तर पैसे बरेच वाचतात, पण दोन गोष्टी लेखी विचारून घ्या: जहाज आलंच नाही तर पैसे परत मिळतात का, आणि टेंडरनं उतरायला उशीर झाला तर गाडी किती वेळ थांबेल. कारण टेंडरमध्ये आधी जहाजाच्या सहलीवाले जातात, बाकीच्यांनी नंबर घेऊन बसायचं. सहा-सात तासांची सहल आहे आणि तासभर जहाजावरच गेला तर तेवढा वेळ पेंग्विनांच्या वाट्यातून कापला जातो. जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे बंदर रद्द झालं की आपोआप खात्यात परत येतात, ही सोय तुम्हाला महत्त्वाची वाटत असेल तर जास्तीचे पैसे देणं चुकीचं नाही.

यादी वाचताना किमतीकडे नंतर बघा. आधी 'पेंग्विनांच्या जागी प्रत्यक्ष किती वेळ' हा आकडा शोधा. दिलेला नसेल तर विचारा, उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर ती सहल सोडा. पुढचा प्रश्न, जमिनीवर की बोटीतून. बाकी 'विहंगम', 'निसर्गरम्य' वगैरे सगळं शोभेचं.

खाण्याचं एक सांगतो, कारण आपले लोक इथेच अडकतात. शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन जा, जहाजावर दोन आठवडे काढताना त्याच कामाला येतात. पण ती केबिनमध्येच ठेवा. बंदरावर उतरताना पिशवीत नको. चिलीचं शेती खातं बिया, शेंगदाणे, फळं, दूध-तुपाचे पदार्थ यांच्या बाबतीत अतिशय कडक आहे, न सांगता नेलं तर दंड होतो. सॅन अँटोनिओला सामानासकट उतरताना उरलेलं सगळं फॉर्मवर लिहून द्या. व्हॉलंटिअर पॉइंटच्या गाडीत दुपारचा डबा देतात, शाकाहारी असं बुकिंग करतानाच कळवा, नाहीतर हॅमचं सँडविच हातात येईल.

कपड्यांत थंडीपेक्षा वाऱ्याचा विचार करा. तिकडे जानेवारी म्हणजे उन्हाळा, पण स्टॅनलीत पारा दहा-पंधराच्या आसपास आणि वारा सारखा. तोम्बोला मात्र त्याच आठवड्यात घामही फुटू शकतो. वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी असली की भागतं. गमबूट लागत नाहीत, पण घाण होतील असेच बूट घाला, आणि ते घासून पुसून जहाजावर चढा. ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्ड फ्लू फॉकलंडमध्ये पोचला, तेव्हापासून काही ठिकाणी बूट जंतुनाशकात बुडवायला लावतात. मेलेल्या पक्ष्याजवळ जायचं नाही. फॉकलंडमध्ये प्राण्या-पक्ष्यांपासून सहा मीटर अंतर ठेवायचा दंडक आहे. वासाबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: सुकत घातलेल्या बोंबलांच्या वखारीतून जाताना नाक धरत असाल तर रुमाल जवळ ठेवा.

तुमच्या क्रूझच्या काही फेऱ्यांत अंटार्क्टिकाही दाखवतात असं लिहिलंय. तुमच्या जहाजावर पाचशेहून जास्त प्रवासी असतील तर तिथे कुणालाच उतरवत नाहीत, नियमच तसा आहे. फक्त डेकवरून बघायचं. पेंग्विनसाठी म्हणून त्या फेरीचे जास्त पैसे देऊ नका, बर्फासाठी द्यायचे तर जरूर द्या.

प्रश्नाखाली कुणीतरी केपटाउन आणि मेलबर्नचंही विचारलंय. केपटाउनला सहल घ्यायचीच गरज नाही. टॅक्सीनं सायमन्स टाउनच्या बोल्डर्सला जा, फळ्यांच्या वाटेवरून आफ्रिकन पेंग्विन हाताच्या अंतरावर दिसतात, आणि लवकर जा, कारण ही जात २०२४ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरली आहे. मेलबर्नजवळच्या फिलिप बेटावर छोटे पेंग्विन सूर्य मावळल्यावरच पाण्याबाहेर येतात. उन्हाळ्यात ते रात्री नऊच्या सुमारास. जहाज त्या दिवशी संध्याकाळीच सुटत असेल तर ती सहल तुमच्यासाठी नाहीच.

आणि वडील 'आपल्या राणीच्या बागेत आहेत की पेंग्विन, इतकं लांब कशाला' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. भायखळ्याचे ते हम्बोल्ट, २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेले, काचेमागे वातानुकूलित खोलीत. त्यांना म्हणावं, हम्बोल्टचं मूळ घर चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावर आहे, क्रूझ संपते त्याच देशात. हट्टाला एवढं कारण पुरेल.

व्हॉलंटिअर पॉइंटच्या गाड्या मोजक्या आहेत आणि ज्या दिवशी दोन जहाजं असतात त्या दिवशी महिनोन् महिने आधी भरतात. जहाजाचं नाव, तारीख, उतरायची आणि परत चढायची वेळ, आणि जीपमध्ये बसणारे किती, एवढं लिहून या आठवड्यातच मेल टाका.